दादाच्या कामाला भोंगा नाही

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळ्यात एका रविवारी आम्ही सगळे सिंहगडावर गेलो होतो, आई, वहिनी, पोरं आणि माझा मोठा दादा, आणि दादाच्या पाठीवर लॅपटॉपची बॅग. पिठलं-भाकरी आली, कांदा आला, मडक्यातलं दही आलं आणि बघतो तर दादाच नाही. तो पुणे दरवाजाजवळ एका दगडावर चढून हात वर करून उभा, मला वाटलं फोटो काढतोय, तर तो नेटवर्क शोधत होता! "एकच मेल टाकतो गं, दोन मिनिटं." त्या दोन मिनिटांत भाकरी गार झाली, दही आईने संपवलं, आणि त्याची लेक म्हणाली, बाबाचं ऑफिस आता इथे पण उघडलं का? सगळे खो खो हसलो. आई नाही हसली.

दादा हिंजवडीच्या आयटी पार्कात कामाला जातो. भाऊबीजेला मी ओवाळत होते तेव्हा पण एका कानात इअरफोन होता, मी सुपारी फिरवतेय आणि हा म्हणतो "डन, डन, पुढचं बोला", तर आई म्हणाली, अरे डन कसलं, ओवाळणी टाक आधी! ताप आला तर थर्मामीटरच्या आधी चार्जर शोधतो.

आता तुम्ही म्हणाल कष्टाळू आहे, त्यात वाईट काय? तिथेच तर सगळं अडतं. दारूचं व्यसन लागलं की चार लोक समजवायला येतात, कामाचं लागलं की तेच चार लोक कौतुक करतात, लग्नात तर स्थळ म्हणून सांगतात, मुलगा फार बिझी असतो हो! वर्कोहोलिक हा शब्दच मुळी दारूच्या व्यसनावरून केलेला आहे, अमेरिकेतले धर्मोपदेशक आणि प्राध्यापक वेन ओट्स यांनी १९६८ साली तो वापरला, आणि तो स्वतःबद्दलच वापरला, कारण त्यांच्या लहान मुलाने बाबांशी बोलायला अपॉइंटमेंट मागितली होती. माझी भाची उद्या तेच करेल, मला खरंच भीती वाटते.

आणि शरीर काही कौतुक करत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका साधारण ३५ टक्के जास्त असतो. मी एकदा दादाचे तास मोजले, ६२ भरले, त्यात सिंहगड धरलेला नाही.

आमचे बाबा खडकीला कारखान्यात होते. भोंगा झाला की काम संपलं, सायकलवर टांग टाकली की घर. कामावर त्यांचंही प्रेम होतं, पण ते काम कधी सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आलं नाही. आणि त्यांना जो रविवार मिळायचा ना, तो काही आपोआप आलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये माणसं उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबायची, तेव्हा महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढली, अर्ज केले, सभा घेतल्या, आपल्या पुण्यात सुरू झालेलं दीनबंधू हे वर्तमानपत्र ते मुंबईतून चालवायचे, त्यात लिहिलं, आणि वर्षानुवर्षं झगडून १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. सहा वर्षं लागली हो त्या एका दिवसाला! आणि आपण तो एका मेलसाठी देऊन टाकतो, तोही समोरच्याने मागितलेला नसताना.

तर आईने आता घरातच भोंगा सुरू केलाय. रात्री साडेआठला कुकर लावते, तिसऱ्या शिट्टीला लॅपटॉप बंद आणि फोन फ्रिजवरच्या परडीत, सगळ्यांचे, माझा पण. पहिला आठवडा दादाने "कुकर लवकर लावला" म्हणून वाद घातला. काल तर तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद झाला, वाफ पण गेली तरी हा खोलीतच, मग भाची दारात जाऊन उभी राहिली आणि गाल फुगवून तोंडानेच चौथी शिट्टी वाजवायला लागली, इतका वेळ की शेजारच्या काकू विचारायला आल्या. दादा हसत हसत बाहेर आला, फोन परडीत टाकला. भात गरम होता अजून.