कडी लागते, खात्री पटत नाही

नमस्कार. घराबाहेर पडणारी एक व्यक्ती दाराला कुलूप लावते, ते ओढून पाहते, चार पायऱ्या उतरते आणि थबकते. मनात पाल चुकचुकते : कुलूप नीट लागले ना? ती परत वर येऊन पुन्हा ओढून पाहते. कुलूप लागलेलेच असते. हाताला ते घट्ट जाणवते, डोळ्यांना दिसते, तरीही ‘झाले, आता निघावे’ असे जे आतून वाटावे लागते, ते काही केल्या वाटत नाही. अर्ध्या तासानंतरही ती दारातच उभी असते, बोटांवर कुलपाच्या कडीचे वळ उमटलेले असतात आणि आपण करतो आहोत ते निरर्थक आहे, हेही तिला बहुतेक वेळा पुरते कळत असते. या त्रासाला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे ओसीडी म्हणतात.

मराठीत यासाठी ‘मंत्रचळ’ हा जुना शब्द आहे. मात्र तो आपण बहुधा चेष्टेनेच वापरतो, आणि अलीकडे तर टेबलावरचे पेन सरळ ठेवणारी माणसेही ‘मला जरा ओसीडी आहे’ असे हसत सांगतात. मला हे खटकते, कारण टापटिपीने माणसाला समाधान मिळते आणि ओसीडीने त्याचा दिवस खाल्ला जातो. नकोसे विचार आणि त्यांपायी कराव्या लागणाऱ्या कृती यांत रोज तासाभराहून अधिक वेळ जात असेल, किंवा त्यांमुळे फार त्रास होऊन काम आणि नाती अडत असतील, तरच हे निदान केले जाते. शंभरांतल्या साधारण 2 जणांना आयुष्यात कधी ना कधी हा विकार होतो आणि बहुतेकांच्या बाबतीत त्याची सुरुवात पंचविशीच्या आतच झालेली असते.

हात धुणे आणि कुलूप तपासणे ही रूपे सर्वांना ठाऊक आहेत. पण सर्वाधिक लपवले जाते ते वेगळेच रूप असते. तान्ह्या बाळाला मांडीवर घेतलेल्या आईच्या मनात एकाएकी येते, ‘माझ्याच हातून याला काही झाले तर?’ ती घाबरून घरातल्या सुऱ्या कपाटात बंद करते, बाळाला आंघोळ घालण्याचे टाळते आणि हे कोणाजवळ बोलायचीही तिला लाज वाटते. स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये दाखवून दिले की, असे विचित्र, भयंकर विचार कोणताही विकार नसलेल्या बहुसंख्य माणसांच्याही मनात येऊन जातात. इतरांच्या मनातून तो विचार निघून जातो. ही आई मात्र त्या विचारालाच स्वतःविरुद्धचा पुरावा मानते. तिला त्याची इतकी भीती वाटते, कारण बाळ तिच्या जिवापलीकडचे असते.

आता पुन्हा त्या कुलपाकडे येऊ. तपासले की क्षणभर हायसे वाटते, आणि खरी गोम तिथेच आहे. कारण ‘तपासले म्हणून वाचलो’ एवढाच धडा मेंदू त्यातून घेतो आणि पुढच्या वेळी आणखी जोराने तपासायला लावतो. मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये यावर एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी निरोगी माणसांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. शेवटी काय तपासले, हे त्यांना बरोबर आठवत होते. परंतु ती आठवण पुसट झाली होती आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. म्हणजे खात्रीसाठी केलेली कृतीच खात्री पोखरते.

उपचाराची दिशा यातूनच स्पष्ट होते. व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये ज्या पद्धतीचा पाया घातला, तिला आज एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणतात : भीतीला सामोरे जायचे आणि नेहमीची कृती करायची नाही. उपचारतज्ज्ञ आणि रुग्ण मिळून सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या ठरवतात. कुलूप एकदाच लावायचे, न ओढता निघायचे आणि छातीतली धडधड सोबत घेऊनच चालत राहायचे. सुरुवातीला जीव कासावीस होतो, यात शंका नाही; पण शंकेचे उत्तर न मिळताही आपण तग धरू शकतो, हा अनुभव हळूहळू अंगवळणी पडतो. जोडीला एसएसआरआय गटातली, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी आणि नैराश्यावरही वापरली जाणारी औषधे दिली जातात. ओसीडीत त्यांची मात्रा नैराश्याच्या उपचारापेक्षा अनेकदा जास्त लागते आणि गुण यायला 8 ते 12 आठवडे जाऊ शकतात, त्यामुळे पंधरा दिवसांत ‘काहीच फरक नाही’ म्हणून ती स्वतःहून सोडणे घातक ठरते. ताणाच्या काळात लक्षणे पुन्हा डोके वर काढू शकतात. तेव्हा जुन्या पायऱ्या पुन्हा गिरवाव्या लागतात.

घरच्यांविषयी मात्र थोडे अधिक बोलायला हवे. ‘कुलूप लावले ना?’ या प्रश्नाला दहाव्यांदा ‘हो, लावले’ असे मायेने दिलेले उत्तर हेसुद्धा तपासणेच असते. फक्त ते दुसऱ्याच्या तोंडून होते. मात्र ते एके दिवशी तडकाफडकी बंद करणे किंवा चिडून ‘पुरे आता’ म्हणणे क्रूरपणाचे होईल. उत्तर कधी द्यायचे नाही, हे रुग्णाशी आणि शक्य असल्यास तज्ज्ञांशी बोलून, मन शांत असताना आधीच ठरवावे. मग प्रश्न आला की एवढेच म्हणता येते : ‘तुला फार अस्वस्थ वाटते आहे, हे मला दिसते आहे. याचे उत्तर द्यायचे नाही, असे आपण ठरवले आहे. पण तू शांत होईपर्यंत मी इथे तुझ्याजवळ बसतो.’