जमीन तर तेव्हाही सपाटच होती

नमस्कार मंडळी. भारतातून पाहुणे आले की अ‍ॅमस्टरडॅममधला पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'इथे एवढ्या सायकली कशा?' आपणही ठोकून देतो, 'जमीन सपाट आहे ना!' पण जमीन १९६० सालीही सपाटच होती. तरीही तेव्हा इथे सायकली घटत होत्या, मोटारी वाढत होत्या आणि त्यांना वाट करून द्यायला जुनी घरं पाडली जात होती.

कुठली घरं, हे बघायला योडनब्रेस्ट्रातवर जाऊ. चित्रकार रेम्ब्रांटचं घर याच रस्त्यावर आहे. पर्यटक ते बघतात आणि पुढे जातात. आजूबाजूला जुन्या शहरात न शोभणारं काँक्रीट का आहे, असं सहसा कुणी विचारत नाही. ही ज्यूंची वस्ती. दुसऱ्या महायुद्धापूर्वी शहरात सुमारे ८०,००० ज्यू राहत होते. १९४२च्या उन्हाळ्यात जर्मनांनी आधी त्यांच्या सायकली जमा करून घेतल्या, मग त्यांनाच छळछावण्यांकडे नेलं. बहुतेकजण परतलेच नाहीत. १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यात गारठलेल्या लोकांनी या रिकाम्या घरांतल्या तुळया आणि जिने जळणासाठी काढून नेले. घरं खचली. युद्धानंतर नियोजनकारांना इथे दिसली ती फक्त मोकळी जागा, आणि ती जागा मोकळी कशी झाली, हे आराखड्यावर लिहिलेलं नसतं. रुंद रस्ता आखला गेला. तो शेजारच्या नीवमार्क्ट वस्तीतून थेट मध्यवर्ती स्टेशनकडे न्यायचा बेत होता.

त्याच मार्गाखालून मेट्रो जायची होती. बोगदा खणून नव्हे. काँक्रीटचे प्रचंड पोकळ ठोकळे जमिनीवर बांधायचे आणि खालची माती काढत ते खाली उतरवायचे. म्हणजे वरची घरं जाणारच. रहिवासी आणि तरुण आंदोलक त्या घरांत ठाण मांडून बसले. मार्च १९७५मध्ये पोलीस पाण्याचे फवारे आणि अश्रुधूर घेऊन आले. मेट्रो झाली, पण रुंद रस्ता रद्द झाला आणि त्याच्या वाटेतल्या सिंट अँटोनिसब्रेस्ट्रात या रस्त्यावर पुन्हा घरं उभी राहिली.

सायकलीचं राजकारण त्याआधीच सुरू झालं होतं. १९६५मध्ये प्रोव्हो नावाच्या खोडकर तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली सगळ्यांसाठी रस्त्यावर ठेवल्या. कुलूप नाही म्हणून पोलिसांनी त्या जप्त केल्या! (डोकं लुड शिमेलपेनिंक यांचं. पुढे ते नगरसेवक झाले.) पण गंमत तिथे संपते. १९७१मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत ४००हून अधिक मुलं होती. 'बालहत्या थांबवा' म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३च्या नोव्हेंबरात तेलटंचाईमुळे रविवारी मोटारी बंद झाल्या आणि मोकळा रस्ता कसा असतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या मते सायकलींना रस्त्यावर जागा मिळाली ती या मुलांच्या मृत्यूंमुळे; ते पांढऱ्या सायकलींना जमलं नसतं.

आणि भांडण तेव्हाच मिटलं, असंही नाही. राइक्सम्युझियम या इथल्या मोठ्या संग्रहालयाच्या पोटातून सायकलींचा रस्ता जातो, तो तुम्हाला माहीत आहे. नूतनीकरणात तो बंद व्हावा, असं संग्रहालयाला वाटत होतं. सायकलस्वारांची संघटना वर्षानुवर्षं भांडली आणि २०१३मध्ये तो पुन्हा खुला झाला. फोटो काढायला तिथे मध्येच उभे राहू नका. शिव्या खाल.