हात लावायची मुभा

कलादालनात शिरताना आपले हात नकळत पाठीमागे जातात. जहांगीर आर्ट गॅलरीत शाळेची सहल आली की ‘कशालाही हात लावायचा नाही’ ही सूचना दारातच मिळते, आणि चित्रांपुरती ती रास्तच आहे, कारण बोटांचा घाम रंगाला मानवत नाही. मात्र हात लावल्याशिवाय ज्या कलाकृती सुरूच होत नाहीत, त्यांच्याविषयी बोलायचे तर लंडनमधल्या एका फसलेल्या प्रदर्शनापासून आरंभ करावा लागेल.

१९७१ साली टेट गॅलरीत अमेरिकी शिल्पकार रॉबर्ट मॉरिस यांनी आपली जुनी शिल्पे ओळीने मांडण्याऐवजी प्लायवूडचे उतार, डुगडुगणारे मंच, दोर, ओढायची वजने आणि अंग चोरून जावे लागेल असे चिंचोळे मार्ग उभे केले. उतारावर पाऊल टाकताना आपला भार टाचेवर येतो की चवड्यावर, तोल सावरताना खांदे काय करतात, याचे भान प्रेक्षकाला यावे, एवढाच त्यांचा हेतू होता. लंडनकरांनी त्याची जत्रा केली. काही जण जखमी झाले, सामान खिळखिळे झाले आणि थोड्याच दिवसांत प्रदर्शन बंद करावे लागले. दोष प्रेक्षकांचा होता, असे मला वाटत नाही. काय करायचे हे सांगितले, पण कुठे थांबायचे हे त्या रचनेतच नव्हते, आणि ज्या खेळाला हद्द नाही तो ज्याच्या अंगात जोर जास्त त्याचा होतो. २००९ मध्ये टेटच्याच टेट मॉडर्न या लंडनमधल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने तीच मांडणी अधिक सुरक्षित स्वरूपात पुन्हा उभारली.

त्याच टेट मॉडर्नमध्ये २००६ साली जर्मन कलाकार कार्स्टन ह्योलर यांनी पाच घसरगुंड्या लावल्या होत्या. तिथे गोंधळाला वाव कमी होता, पण एकदा अंग सोडून दिले की प्रेक्षकाने ठरवावे असे काही उरतच नव्हते.

जपानी कलाकार यायोई कुसामा यांनी २००२ मध्ये ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड आर्ट गॅलरीत, मुख्यतः मुलांसाठी, जी खोली केली तिचा नियम मात्र एका वाक्यात मावतो. भिंती, टेबल, खुर्च्या, पियानो, सगळे पांढरेशुभ्र. येणाऱ्याच्या हाती रंगीत गोल टिकल्यांचा कागद द्यायचा आणि त्या हव्या तिथे लावू द्यायच्या. आपल्या घरातल्या आरशाच्या कडेला काढून चिकटवलेल्या टिकल्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही कृती शिकवावी लागणार नाही. इथे जोर लागत नाही, दुसऱ्याला ढकलावे लागत नाही, आणि तरीही टिकली कुठे लावायची हा निर्णय पूर्णपणे आपला असतो. पहिल्या दिवशी आलेल्या मुलाला कोरी भिंत मिळते आणि तिला डाग लावताना त्याचा हात क्षणभर अडखळतो. अखेरच्या दिवसांत येणाऱ्याला मोकळी जागा शोधत टेबलाखाली वाकावे लागते, नाहीतर कुणा अनोळखी माणसाच्या टिकलीवर आपली टिकली चिकटवावी लागते.