डावो हात खंय हा?

[दोन हात, अगदी जवळून. उजव्यात सुरी, डाव्यात पांगाऱ्याचा ठोकळा. ढलप्या सुटण्याचा आवाज, बाकी शांतता.]

सुरीकडे बघू नका. नजर आपोआप तिकडेच जाते, तरी थोडा वेळ डाव्या हाताकडे बघा. अंगठ्याच्या पेरावर आडवा पांढरा वण आहे. तर्जनीच्या कडेला दोन आहेत. अंगठ्याच्या मुळापासून तळव्यात उतरलेला एक आहे, तो सगळ्यांत जुना. उजव्या हातावर एकही नाही.

हे आबांचे हात. पन्नासहून जास्त वर्षं लाकूड कोरलेले. मी त्यांच्याकडेच शिकलो. पहिल्या दिवशी सुरी हातात देताना ते एकच वाक्य बोलले आणि पुढे रोज बोलत राहिले: "आधी डावो हात खंय हा ता बघ, मगे सुरी चलय." म्हणजे, आधी डावा हात कुठे आहे ते बघ, मग सुरी चालव.

मला ते समजायला चार वर्षं लागली. तोवर माझ्या तर्जनीचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

[सावंतवाडी, सकाळ. मोती तलाव. चितारआळीतली दुकानं, परड्यांत लाकडी आंबे, केळी, सीताफळं.]

सावंतवाडी म्हटलं की लाकडी फळांची परडी डोळ्यांसमोर येते. ती फळं कातकामाची. म्हणजे लाकूड चरकावर फिरतं आणि कातारी त्याला अवजार टेकवून धरतो. कोरीवकामाचं उलट आहे. लाकूड एका हातात स्थिर, आणि पातं फिरतं. पोपटाची चोच, बैलाचं वशिंड, देवाच्या मूर्तीची बोटं, हे सगळं मुठीत मावणाऱ्या ठोकळ्यातून काढायचं. ठोकळा धरायला डावा हात लागतोच, आणि सुरीची वाट त्याच्याच दिशेनं जाते.

आपल्या घरातल्या विळीकडे एकदा या नजरेनं बघा. पातं जागचं हलत नाही, पाटावर पाय रोवलेला असतो, आणि दोन्ही हात भाजीला धरलेले. धार कुठे आहे हे न बघताही कळतं, कारण ती काल जिथे होती तिथेच आज असते. सुरीनं कोरताना ती खात्री उरत नाही. धार दर क्षणी नव्या जागी असते. म्हणून रोखायचं असेल तर लाकडाला रोखायचं. मोठा तुकडा असेल तर बाकाला क्लॅम्पनं आवळायचा आणि दोन्ही हात धारेच्या मागे घ्यायचे. पटाशीचं काम तर दुसऱ्या कुठल्याही पद्धतीनं करूच नये. एका हातात पटाशी आणि दुसऱ्यात लाकूड, असं करणारे हात मी पाहिले आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांच्या तळव्यावर खोल व्रण आहेत.

आपल्याकडे जमिनीवर बसून, पायाच्या तळव्यांत लाकूड धरून कोरायची जुनी रीत आहे. आबाही तसेच बसतात. ते अनेक वर्षांच्या सरावाचं बसणं आहे, नवख्यानं त्याची नक्कल करू नये. आणि लाकूड मांडीवर घेऊन तर कोणीच कोरू नये. मांडीच्या आतल्या बाजूनं मोठी रोहिणी, म्हणजे रक्तवाहिनी, जाते. तिथे पातं शिरलं तर मिनिटांत जीव जाऊ शकतो. कोपरं गुडघ्यांवर टेकवा आणि लाकूड गुडघ्यांच्या पुढे धरा. सुरू करण्याआधी हात लांब करून चहूकडे फिरवा. त्या वर्तुळात कोणाचं मूल, कोणाचं मांजर, काही येत नाही ना, ते बघा.

[धार लावण्याचा दगड. पाण्याचे थेंब. पातं पुढे-मागे.]

आबांच्या दिवसातला पहिला अर्धा तास लाकडाचा नसतो, दगडाचा असतो. घरात येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं, एवढी धार म्हणजे किती धोका! खरं उलटं आहे. धारदार पातं थोड्याच जोरानं लाकडात शिरतं आणि जिथे थांबवाल तिथे थांबतं. बोथट पात्याला रेटावं लागतं. रेटताना पूर्ण खांदा त्याच्या मागे असतो, आणि ते सटकलं की तो सगळा जोर डाव्या हातावर जाऊन आदळतो. जखमही बोथट पात्याची वाईट, फाटलेली, भरायला हट्टी.

लाकडाचीही यात साथ असते किंवा नसते. पांगारा हलका आणि मऊ, शिवणीचं लाकूडही कोरायला सरळ. सागवान टिकाऊ म्हणून आपण त्याला मानतो, पण त्याच्या अंगात बारीक सिलिका असते, वाळूतली असते तीच. तिनं धार लवकर मरते. सागावर काम करताना दगडाकडे दुप्पट वेळा जावं लागतं. आणि गाठ आली किंवा रेषा उलटली, की पातं अडतं. अडलं की माणूस चिडतो, जोर लावतो. आबा त्या क्षणी लाकूड फिरवून घेतात. दुसऱ्या बाजूनं, रेषेच्या कलानं, पातळ ढलपी. गाठीशी त्यांनी कधी कुस्ती केलेली मी पाहिली नाही.

मी केली.

[पावसाचा आवाज. कंदील. रिकामं बाक.]

श्रावणातली संध्याकाळ होती. वीज गेलेली. शिवणीच्या पोपटाची चोच तेवढी राहिली होती, आणि गिऱ्हाईक सकाळी येणार होतं. दुपारपासून पातं दगडाला लावलं नव्हतं. चोचीखाली एक लहानशी गाठ होती. मी रेटलं, पातं गाठीवरून सटकलं आणि डाव्या तर्जनीच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूनं आत गेलं.

जखम जेमतेम अर्ध्या इंचाची. रक्त थोड्या वेळात थांबलं. जवळच्या दवाखान्यात दोन टाके पडले, इंजेक्शन मिळालं, आठ दिवसांनी टाके काढायला या म्हणाले. बोटाचं टोक वाकवून दाखव, असं मला कोणी म्हणालं नाही. माझ्याही मनात ते आलं नाही. आठव्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा मी मूठ वळली. चार बोटं वळली. तर्जनी सरळ राहिली, कोणाला तरी वाट दाखवत असल्यासारखी.

[पिंगुळी. कळसूत्री बाहुली. दोऱ्या, कलाकाराची बोटं.]

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलाकार पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्या नाचवत आले आहेत. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बाहुलीच्या हातात स्वतःची ताकद नसते. ती वर, दोरी धरणाऱ्याकडे असते. आपली बोटं अगदी तशीच आहेत. बोटाला वाकवणारा एकही स्नायू बोटात नसतो. तो कोपर आणि मनगट यांच्या मधे असतो, काही छोटे तळहातात. तिथून लांब, पांढऱ्या, चिवट दोऱ्या निघतात. त्यांना कंडरा म्हणतात. बोट वळवायला प्रत्येक बोटाला दोन, अंगठ्याला एक. पुढे बोटात त्या एका अरुंद बोगद्यातून सरकतात, आणि त्यात एक दोरी दुभंगून दुसरीला मधून वाट देते. पुढे माझ्या बोटावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला हे आधी कागदावर काढून दाखवलं तेव्हा मी थक्क झालो. एवढं नाजूक कोरीवकाम माझ्या हातात जन्मापासून होतं आणि मी त्याच्या दिशेनं सुरी ढकलत होतो.

तळव्याच्या वरच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेराच्या मध्यापर्यंतचा पट्टा यातला सगळ्यांत अवघड. तिथे दोन्ही दोऱ्या एकाच बोगद्यात दाटीनं असतात. शिवल्या की एकमेकींना चिकटतात. म्हणून जुने सर्जन तिथे ताबडतोब टाके घालायला धजत नसत. १९६० च्या दशकात हे बदलत गेलं. आज तिथली दोरी शिवली जाते, पण वेळेत जावं लागतं. तुटलेलं टोक रबरासारखं मागे ओढलं जातं, स्नायू आखडतो, बोगदा मिटतो. जितके दिवस जातील तितकं काम अवघड होत जातं.

आणि ही गोष्ट दवाखान्यात सुटते कशी, तेही मला त्या डॉक्टरीणबाईंकडूनच कळलं. कापलं तेव्हा मूठ वळलेली होती. टाके घालताना बोट सरळ केलं. कातडीवरची चीर जागच्या जागी राहिली, आतली तुटलेली टोकं सरकून भलतीकडे गेली. जखमेत डोकावलं तर सगळं ठीकच दिसतं.

म्हणून जखम लहान असो, मोठी असो, दोन गोष्टी स्वतः करून बघा. बोटाचं मधलं पेर दुसऱ्या हातानं धरून फक्त टोक वाकवा. मग डोळे मिटा आणि कोणाला तरी बोटाच्या टोकाच्या दोन्ही कडांना हलकेच स्पर्श करायला सांगा. टोक वाकत नसेल किंवा एक कड बधिर असेल, तर दोरी किंवा मज्जातंतू तुटलेला असू शकतो. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना हे बोलून दाखवा, संकोच करू नका, आणि हाताची शस्त्रक्रिया करणारे कुठे भेटतील ते विचारा.

[नळाचं पाणी. पांढरं स्वच्छ कापड.]

कापलं त्या क्षणी काय करायचं? वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरा. अंगठी असेल तर आधी काढा, बोट सुजलं की ती निघत नाही. स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबा, हात छातीच्या वर उचला, आणि १० मिनिटं घड्याळ लावून दाबूनच ठेवा. दर मिनिटाला उघडून बघितलं तर रक्त थांबत नाही. बोटाच्या मुळाशी सुतळी किंवा रबरबँड आवळू नका, त्यानं उरलेला रक्तपुरवठाही तुटतो.

हळदीबद्दल मला जपून बोलायचं आहे, कारण माझ्या आजीनं ती प्रेमानंच भरली असती. पण खोल जखमेत हळद, कॉफीची पूड, चुना, राख, यांतलं काहीही घालू नका. डॉक्टरांना ते सगळं आधी खरवडून काढावं लागतं, आणि तोवर आत काय तुटलंय ते दिसत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं ते आठवा आणि सांगा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर तेही सांगा.

बोटाचा तुकडाच पडला, तर तो टाकू नका. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकड्याला बर्फ थेट लागू द्यायचा नाही. तशीच पिशवी घेऊन निघा.

[आबा अंगठ्याला कातड्याची पट्टी बांधताना.]

आबा आता अंगठ्याला कातड्याची पट्टी बांधतात. सायकलची जुनी ट्यूब कापूनही ती होते. मी डाव्या हातात कापाला दाद न देणारा विणलेला हातमोजा घालतो. तो धारेला अडवतो, टोकाला अडवत नाही, त्यामुळे सुरी भोसकली तर आरपार जाते. आणि चरकावर बसायचं असेल तर मोजा काढूनच. फिरतं लाकूड मोज्याला पकडतं आणि मोज्याबरोबर हाताला.

प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत सुतारही आहेत आणि खेळणी करणारेही, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. कारागीर पटाशा, रंधे, ड्रिल घेतात, आणि घ्यायलाच हवेत. माझी एकच विनवणी आहे. त्यांच्याबरोबर एक चांगला क्लॅम्प आणि डाव्या हाताचा एक मोजा असू द्या. हातावर पोट असलेल्या माणसाला हात बंद ठेवून तीन महिने घरी बसता येत नाही. मला बसावं लागलं. सहा आठवडे पट्टीत, मग रोज दर तासाला बोट वळवण्याचा व्यायाम, आणि सुरी हातात यायला पुढचे सहा आठवडे. आज तर्जनी वळते, पण तळव्याला टेकत नाही. बोटभर अंतर राहतं.

[अंगण. दुपार. साबणाची वडी, बांबूची सुरी.]

ही आबांची नात, दहा वर्षांची. तिला अजून लाकूड दिलेलं नाही. अंगणात अंघोळीच्या साबणाची वडी घेऊन बसते आणि आबांनी घडवून दिलेल्या बांबूच्या सुरीनं मासा कोरते. शेपटीशी आली की वडी हातात फिरते, आणि डावा अंगठा हळूच पुढे येतो. आबा पलीकडे पानाचा डबा उघडतात, काही बोलत नाहीत.

ती थांबते. अंगठा मागे घेते. मग दुसरी बाजू कोरायला लागते.