एका वेळी एकच सूर

श्रोतेहो, नमस्कार. एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या हाउस बँडमध्ये मी कीबोर्ड वाजवतो. पाहुणा आत येताना चार सेकंद, विनोद पडला की दोन सेकंद, जाहिराती लागताना दहा सेकंद. आमचा संसार एवढाच. अमेरिकेत डेव्हिड लेटरमन यांच्या कार्यक्रमात पॉल शॅफर यांनी १९८२ ते २०१५ बँड सांभाळला, तोही कीबोर्डवर बसून. आमच्या धंद्यातले ते थोरले.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. घरात पेटी. बाबा भजनाला साथ करायचे आणि दर वेळी एकाच गोष्टीवर कुरकुरायचे: पेटीतून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही. एका पट्टीवरून दुसरीवर उडीच मारावी लागते. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केलं, त्यात हेही एक कारण होतं. ते दार किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. त्याच आकाशवाणीच्या माइकसमोर आज हे सांगतोय, याची गंमत वाटते.

गेल्या वर्षी मी कीबोर्डच्या वर एक ॲनालॉग सिंथेसायझर ठेवला. साध्या कीबोर्डमध्ये बहुधा तयार आवाज साठवलेले असतात. यात तसं काही नाही, आवाज तिथल्या तिथे विजेतून घडतो. सिंथेसायझर घडवणारे अमेरिकेचे रॉबर्ट मूग यांच्या पद्धतीत व्होल्टेज एक व्होल्टने वाढलं की सूर बरोबर एक सप्तक वर चढतो. पट्टी दाबणं म्हणजे ठरावीक व्होल्टेज पाठवणं. आता ते व्होल्टेज झटक्यात न बदलता हळूहळू सरकू दिलं तर? सूर घसरत जातो. ग्लाइड नावाची एक कळ पिरगाळायची, की गंधारावरून पंचमापर्यंत मधली सगळी वाट ऐकू येते. पट्ट्यांच्या वाद्यात मींड! मूग यांच्या १९७० च्या मिनीमूग या छोट्या सिंथेसायझरमध्येही ही सोय होती. आणि आपल्या शेजारी अहमदाबादेत, राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ सालीच मूगचं यंत्र बसवलं गेलं होतं.

पण लाड फार. माझ्या यंत्रावर एका वेळी एकच सूर निघतो, म्हणून डावा हात खालच्या कीबोर्डवर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरून बसतो. आवाज साठवायची सोय नाही. कळा कुठे फिरवल्या होत्या त्याचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवतो. शिवाय ही सर्किटं उष्णतेला हळवी. पहिल्या चित्रीकरणाला मी यंत्र चालू केलं आणि लगेच वाजवायला बसलो. दिवे तापले, यंत्रही तापलं. तिसऱ्या पाहुण्यापर्यंत गिटारवाला माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. बासवाला कानात पुटपुटला, ‘भाई, ऊंचुं जाय छे.’ सूर चढला होता आणि मला पत्ताच नव्हता. तेव्हापासून मी तासभर आधी जातो, यंत्र चालू करतो, बाहेर चहा घेतो आणि परत येऊन सुरात लावतो.

एकदा ते घरी आणलं. बाबांनी एका बोटाने ग वरून प वर जाऊन पाहिलं. मग ग्लाइडची कळ स्वतःच थोडी पिरगाळली आणि पुन्हा गेले.

‘हे १९४० साली दाखवायला हवं होतं रे त्यांना,’ म्हणाले आणि पुन्हा ग वर आले. चहा तसाच निवला.