यादीत वेळही लिहा

नमस्कार श्रोतेहो. नव्या शहरात जायचं ठरलं की आपण बघायच्या ठिकाणांची यादी करतो. माझा आग्रह आहे, त्या यादीत प्रत्येक नावापुढे वेळ लिहा.

आधी सुटीचा वार बघा. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, ताजमहाल शुक्रवारी. तिकीटही जमेल तिथे आधीच काढा. आयफेल टॉवरपाशी लिफ्टची रांग लांबलेली दिसली आणि पायांत बळ असेल, तर जिना धरा. दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत. दमछाक होते, पण १८८९ सालचं ते लोखंडी काम अगदी जवळून बघायला मिळतं.

रोमच्या पँथिऑनला मात्र घाईने जाऊच नका. सुमारे १९०० वर्षांपूर्वीची ही वास्तू. घुमटाच्या माथ्यावर मोठं गोल छिद्र आहे, त्याला ना काच, ना झाकण. पाऊस थेट आत पडतो आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून वाहून जातो. ऊन असलं की प्रकाशाचा एक गोल आत उतरतो आणि दिवसभर हळूहळू सरकत राहतो. एप्रिलच्या २१ तारखेच्या सुमारास भर दुपारी तो नेमका दारावर येतो. बहुतेक जण फोटो काढून दहा मिनिटांत बाहेर पडतात. तुम्ही अर्धा तास थांबा. तो गोल सरकलेला डोळ्यांनी बघितला की माणसं छिद्राखाली इतका वेळ माना वर करून का उभी असतात, ते समजतं.

आता जेवणाचं. प्रसिद्ध वास्तूच्या अगदी दारातलं हॉटेल शक्यतो टाळा. तिथलं गिऱ्हाईक उद्या परत येणार नसतं. दोन-तीन गल्ल्या आत गेलात की रोज येणाऱ्यांची हॉटेलं लागतात; तिथे चव बिघडून चालत नाही. मेन्यूकार्ड जितकं आटोपशीर, तितका माझा भरवसा जास्त. काय मागवावं सुचेना, तर शेजारच्या टेबलांवर नजर टाका, नाहीतर वेटरला सरळ विचारा, "तुम्ही स्वतः इथे काय खाता?" गर्दीच्या तासभर आधी गेलात, तर त्यालाही उत्तर द्यायला सवड असते.

आणि टेबल राखून ठेवलंय, पण बेत बदलला, तर एक फोन नक्की करा. लहान हॉटेलात एक टेबल रिकामं राहिलं, तरी त्या रात्रीचा हिशेब कोलमडतो.