तार न कापता करंट मोजताना

हा निळा क्लॅम्प एकाच तारेभोवती मिटतोय, नीट बघा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतल्या, की जाणारा आणि परतणारा करंट एकमेकांचं चुंबकीय क्षेत्र खोडून काढतात आणि स्क्रीनवर येतं ते हे असं: शून्य.

या क्लॅम्पचं नाव एससीटी-०१३-०००. फेराइटचा गाभा, त्यावर २००० वेढे. तारेतून १०० अँपिअर गेले, तर याच्या टोकांतून ५० मिलिअँपिअर बाहेर पडतात. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे इथे आर्डुइनो युनो हा छोटा संगणक-बोर्ड, मात्र व्होल्टेजच वाचतो, म्हणून मध्ये हा ३३ ओहमचा रेझिस्टर.

आता ऑसिलोस्कोप, म्हणजे लाटेचा आकार दाखवणारं यंत्र. लाट शून्याच्या वर जाते तितकीच खालीही उतरते, आणि आर्डुइनो युनो उणे व्होल्टेज वाचत नाही. हे दोन सारखे रेझिस्टर जोडले... आणि अख्खी लाट उचलून २.५ व्होल्टवर बसली. इतकं साधं, इतकं देखणं.

छोट्या उपकरणाची अडचण वेगळी. १ अँपिअरची लाट युनोच्या व्होल्टेज मोजण्याच्या १०२४ पायऱ्यांपैकी जेमतेम नऊ-दहा पायऱ्यांत आटपते. उपाय हातातच आहे: तीच तार क्लॅम्पमधून दहा वेळा ओवायची. क्लॅम्पला आता १० अँपिअर दिसतात. कोडमध्ये दहाने भागलं की झालं.

५० हर्ट्झची एक लाट २० मिलिसेकंदांची. एका वाचनाला साधारण १०० मायक्रोसेकंद, म्हणजे एका लाटेत फार तर २०० नमुने. प्रत्येकातून मधली पातळी वजा करायची, वर्ग करायचा, सरासरी काढायची, मग वर्गमूळ. हा आरएमएस, म्हणजे वरखाली होणाऱ्या करंटचं परिणामी मूल्य.

शिखर शोधून ०.७०७ ने गुणणारे कोड खूप फिरतात. हीटरवर ते खपून जातं, कारण हीटरची लाट अशी गोलाईदार असते. पण हा संगणकाचा जुना पॉवर सप्लाय लावला, आणि लाट बघा! बराच वेळ सपाट, मध्येच उभे सुळके. या आकाराला ०.७०७ लागूच पडत नाही. वर्ग, सरासरी, वर्गमूळ हा लांबचा रस्ता धरला, तर लाट कशीही असो, उत्तर खरं येतं. म्हणून तोच धरायचा.

शेवटी वाचनाचे अँपिअर करणारा कोडमधला गुणक जुळवण्यासाठी परत हीटर, शेजारी क्लॅम्प मीटर. दोन्ही आकडे एकत्र सरकताना दिसतायत.

व्होल्टेज आपण मोजलेलं नाही, तेव्हा खरे वॅट आणि पॉवर फॅक्टर (खरे वॅट भागिले व्होल्ट गुणिले अँपिअर) यातून मिळणार नाहीत. आणि रेझिस्टर जोडल्याशिवाय क्लॅम्प चालू तारेवर लावू नका. उघड्या टोकांवर धोकादायक व्होल्टेज चढू शकतं.